दांतांना तारा आणि हातांत कॉर्नेट



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना प्रथम हसूं येईल. गायकांच्या घराण्यांवर, रागांच्या वेळांवर, फार तर सनईवर भाषणें होतात. परंतु दांतांना तारा लावलेल्या मुलानें पितळी वाद्य कसें वाजवावें, हा कांहीं रेडिओवरून बोलण्याचा विषय आहे काय, असें कोणी विचारील. ज्यांच्या घरीं हा प्रश्न उभा राहिला आहे ते मात्र हसणार नाहींत.

पालघर जिल्ह्यांतील चिंचणी हें समुद्रकांठचें गांव पुष्कळांना ठाऊक असेल. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेनें गेलें कीं चिंचणी-तारापूरचा जोड लागतो. तुळशीचें लग्न झालें कीं या किनाऱ्यावरील गांवांतून वराती निघूं लागतात. वरातीपुढें बँड, आणि बँडच्या पुढच्या रांगेंत कॉर्नेट किंवा ट्रंपेट. गाण्याची चाल तेंच सांगतें. बाकीचीं वाद्यें त्याला साथ करतात. समजा, अशा एखाद्या गांवचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दोन वर्षें आपल्या काकांपाशीं कॉर्नेट शिकत आहे. त्याचे वरचे दांत पुढें आलेले आहेत आणि खालचे एकमेकांवर चढलेले आहेत. डॉक्टर तारा बसवितात. संध्याकाळीं घरीं येऊन तो कॉर्नेट ओंठांना लावतो, आणि एरवीं सहज निघणारा स्वर येतच नाहीं. नुसती फुसफुस निघते, ओंठ आंतून सोलतो, तोंडांत रक्ताची चव येते.

वडील म्हणतात, "एवढा पैसा घालून तारा बसविल्या, आतां फुंकणें पुरे." काका म्हणतात, "दादा, पोराचा ओंठ आतां कुठें तयार होत होता. दोन वर्षांची मेहनत वायां जाईल. त्या तारा काढून टाका." मुलगा कांहींच बोलत नाहीं. तो वाद्य पुसून पेटींत ठेवतो. अशी मिटलेली पेटी पुष्कळदां पुन्हा उघडत नाहीं.

मला आज एवढेंच सांगावयाचें आहे कीं, वडील आणि काका यांच्यापैकीं एकाचें खरें व दुसऱ्याचें खोटें ठरविण्याची येथें गरजच नाहीं. दांतही सरळ होऊं शकतात आणि वाद्यही वाजूं शकतें. मुलाचा स्वर तारेनें हिरावलेला नसतो. वाद्य ओंठांवर दाबून धरण्याच्या संवयीनें तो हिरावलेला असतो. तार ती संवय उघडी पाडते, इतकेंच.

हें नीट समजण्यासाठीं पितळी वाद्यांत स्वर कोठें जन्मतो तें पाहूं. सनईला पाती असते. आपल्या वारली बांधवांचा तारपा सुक्या भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा असतो. त्याच्याही आंत पाती असते. वाजविणाऱ्यानें श्वास पुरवावा, कंप पावण्याचें काम पाती करते. कॉर्नेट, ट्रंपेट, युफोनियम यांत अशी पाती नाहीं. तेथें वाजविणाऱ्याचे ओंठ हीच पाती होय. आपली तुतारी, शिंग, कर्णा आणि देवघरांतला शंखही याच कुळांतले. ओंठ हलकेच मिटून त्यांमधून श्वास सोडला कीं ते उघडमीट करूं लागतात. सेकंदास 440 कंपनांचा स्वर काढावयाचा तर ओंठ एका सेकंदांत 440 वेळां उघडतात आणि मिटतात. ज्या वस्तूनें इतक्या वेगानें हलावयाचें, ती मोकळी असली पाहिजे, हें सांगावयास नको.

आतां वाद्याचा जो वाटीसारखा भाग ओंठांवर टेकतो, ज्याला बँडवाले माउथपीस म्हणतात, त्याचा विचार करा. ट्रंपेटच्या माउथपीसचें तोंड आंतून सुमारें 16 ते 17 मिलिमीटर रुंद असतें. ओंठाच्या एका बाजूस ही धातूची कड आणि दुसऱ्या बाजूस दांत. दांत गुळगुळीत असेपर्यंत या चिमट्यांत सांपडलेला ओंठ तक्रार करीत नाहीं. उंच स्वर निघेना कीं नवशिका मुलगा उजव्या हातानें वाद्य तोंडावर अधिक दाबतो. ओंठ ताणला जातो आणि स्वर निघतो. गुरूला वाटतें मुलगा तयार झाला. मुलाला वाटतें युक्ति सांपडली. वास्तविक त्यानें श्वासाचें काम मनगटाकडे दिलेलें असतें.

तारा बसल्यावर प्रत्येक दांतावर धातूची एक बारीक टिकली येते. ती दांताच्या पुढें दोन-तीन मिलिमीटर असते आणि तिला कोपरे असतात. आतां तोच दाब दिला कीं ओंठ त्या कोपऱ्यांवर चेंगरतो. शिवाय ओंठामागची जमीनच थोडी पुढें सरकलेली असते. त्यामुळें ओंठांची जुनी ठेवण जुळत नाहीं. या दोन गोष्टींपैकीं ठेवण न जुळण्याचा त्रास कांहीं आठवड्यांत आपोआप कमी होतो, कारण ओंठ फार लवकर शिकतात. दाबाचा त्रास मात्र आपोआप जात नाहीं. तो संवय बदलूनच घालवावा लागतो.

दाबाची किंमत केवळ तारा लावलेल्या मुलांनाच द्यावी लागते असें नाहीं. लुई आर्मस्ट्राँग यांच्याएवढा ट्रंपेटवादक विसाव्या शतकांत क्वचितच झाला असेल. पण उंच स्वर जोरानें आणि दीर्घकाळ वाजवून त्यांनीं आपले ओंठ इतके जखमी करून घेतले कीं, 1935 च्या सुमारास कांहीं महिने त्यांना वाद्य खालीं ठेवावें लागलें. त्यांच्या ओंठांवरील व्रण जन्मभर राहिले. उलट, ओंठ आणि दांत यांचा संबंध पार तुटला तरी तो पुन्हां जोडतां येतो, याचेंही उदाहरण आहे. चेट बेकर या अमेरिकन ट्रंपेटवादकाचे पुढचे दांत 1960 च्या दशकांत मारहाणीमुळें गेले. कवळी बसवून त्यांनीं ओंठांची ठेवण पहिल्यापासून घडविली आणि 1970 च्या दशकांत ते पुन्हां श्रोत्यांपुढें आले. ज्याचे दांतच गेले तो पुन्हां वाजवूं शकतो, तर ज्याच्या दांतांवर केवळ टिकल्या आल्या आहेत त्यानें निराश कां व्हावें?

आपल्याकडचें पाहावयाचें तर मुंबईच्या चित्रपटसंगीतांत ट्रंपेटला मानाचें स्थान मिळवून दिलें तें गोव्याच्या वादकांनीं. फ्रँक फर्नांड, क्रिस पेरी, आणि चिक चॉकलेट या नांवानें ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ ही त्यांतील ठळक नांवें. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (1951) या चित्रपटांत चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट अनेकांनीं ऐकला असेल. गोव्यांतील चर्चच्या संगीतशाळांत मुलांना वाद्य देण्यापूर्वीं स्वर वाचावयास आणि गळ्यानें म्हणावयास शिकवीत. या रीतींत मोठें शहाणपण आहे. जो स्वर कानांत आणि गळ्यांत पक्का आहे, तो काढण्यासाठीं ओंठांना कमी चांचपडावें लागतें. आणि ज्याला चांचपडावें लागत नाहीं तो दाबीतही नाहीं. तारा असलेल्या मुलानें प्रत्येक ओळ आधीं गुणगुणावी आणि मग वाजवावी, हा पहिला नियम मीं येथूनच घेतला आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट तारा बसविण्यापूर्वींची. मुलगा पितळी वाद्य वाजवितो, हें डॉक्टरांना अगोदर सांगावें. पुष्कळ आईबाप ही गोष्ट क्षुल्लक समजून सांगतच नाहींत. डॉक्टरांना ठाऊक असेल तर ते तारेचीं टोंकें विशेष काळजीनें वळवितात आणि टिकल्यांवर लावावयाचें मेण देतात. टिकल्यांचे प्रकारही आहेत. चिनी मातीसारख्या पांढऱ्या टिकल्या दिसावयास बऱ्या, परंतु बहुधा धातूच्या टिकल्यांपेक्षां जाड असतात. दांतांच्या मागच्या बाजूस लावावयाच्या तारा ओंठांना त्रास देत नाहींत. पण जिभेला देतात, आणि स्वर तोडण्याचें काम जिभेचें असतें. पारदर्शक साचे वाजवितांना काढून ठेवतां येतात. मात्र ते दिवसांतून 20 ते 22 तास दांतांवर असावे लागतात, म्हणून तासन्‌तास वरातींत वाजविणाऱ्यानें आपला हिशेब आधींच करावा. शिवाय प्रत्येकाच्या दांतांना ते चालतातच असें नाहीं. कोणता उपचार योग्य, हें दांत पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाचें आहे. वाद्याकडे पाहून आपण नव्हे. खाजगी उपचाराचा खर्च न पेलणाऱ्यांना मुंबईस 1933 पासून चालत आलेल्या नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयासारख्या संस्था आहेत; आणि 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धांवूं लागल्यामुळें बोईसरकरांना मुंबईची खेप पूर्वीपेक्षां सोपी झाली आहे.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. इतर मुहूर्त आपण पाहतोंच, हाही पाहावा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासांत लग्नें नसतात. वरातींत वाजविणाऱ्याच्या ओंठांना हीच सुट्टी. आषाढाच्या आरंभीं तारा बसविल्या तर गणपतीच्या मिरवणुकीपूर्वीं दीड-दोन महिने हातीं राहतात, आणि लग्नसराई येईपर्यंत ओंठ पुरते स्थिरावतात. शाळेच्या बँडांतील मुलानें 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी हे दोन दिवस ध्यानांत ठेवावे. पुढें दर चार-सहा आठवड्यांनीं तारा आवळून घ्याव्या लागतात. त्यानंतर दोन-तीन दिवस दांत दुखतात. तेव्हां ती तारीख वरातीच्या आदल्या दिवशीं घेऊं नये.

तिसरी गोष्ट पहिल्या तीन आठवड्यांची. पहिले दोन-तीन दिवस वाद्य बाजूला ठेवावें. ही हार नव्हे, विश्रांति आहे. नंतर पहिल्या आठवड्यांत दिवसांतून तीन वेळां पांच-पांच मिनिटें, केवळ माउथपीस घेऊन, सोपे खालचे स्वर काढावे. माउथपीस दोन बोटांच्या चिमटींत हलकेंच धरावा. मूठ वळली कीं दाब आलाच म्हणून समजावें. दुसऱ्या आठवड्यांत वाद्यावर लांब, संथ स्वर, दहा-दहा मिनिटें. तिसऱ्या आठवड्यांत खालच्या सप्तकांतील एखादी ओळखीची चाल. वरचे स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वरानें, घाई न करतां वाढवावे. जितका वेळ वाजविलें तितकाच वेळ थांबावें. ओंठ सुन्न झाला, थरथरला किंवा दुखूं लागला कीं त्या दिवसापुरतें वाद्य पुसून ठेवावें. कोणाला चार आठवडे लागतील, कोणाला आठ. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये.

दाब ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. कॉर्नेट डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर आडवें ठेवावें, बोटें त्याभोंवतीं वळवूं नयेत, आणि उजव्या हाताचा आधार न घेतां मधला एक स्वर वाजवावा. वाद्य ओढून दाबतांच येत नसल्यामुळें स्वर श्वासानेंच काढावा लागतो. प्रथम तो क्षीण येईल. पोट आणि बरगड्या मोकळ्या ठेवून श्वास भरपूर घेतला कीं तो हळूहळू भरूं लागतो. वाजवून झाल्यावर आरशांत पाहावें. ओंठावर माउथपीसचें खोल लाल वळें उमटलें असेल तर अजून दाब आहे. वळें फिकें होत गेलें तर प्रगति होत आहे.

चौथी गोष्ट तोंडाच्या निगेची. ज्या टिकल्यांवर ओंठ घासतो, त्या कोरड्या करून त्यांवर मेणाची छोटी गोळी बसवावी. मेण एक उपाय आहे, दाबण्याचा परवाना नव्हे. मेण आहे म्हणून जोरानें दाबणारा मुलगा जुनी संवयच जोपासतो. ओंठ आंतून सोलला तर कोमट मिठाच्या पाण्यानें दिवसांतून तीन-चार वेळां चूळ भरावी. तारेचें टोंक टोंचूं लागलें तर त्यावर मेण लावून डॉक्टरांकडे जावें. घरच्या पकडीनें तोडूं नये. वाजविण्यापूर्वीं दांत घासावे, कारण तारांत अडकलेलें अन्न श्वासाबरोबर वाद्यांत जातें. माउथपीस रोज धुवावा आणि दुसऱ्याचा वापरूं नये. खाण्याचेंही पथ्य आहे. सुके बोंबील, फुटाणे, चिक्की, खोबऱ्याचे तुकडे दांतांनीं तोडूं गेलें तर टिकली निसटते. किनाऱ्यावरच्या मुलाला सुक्या मासळीचें पथ्य सांगणें क्रूरपणाचें वाटेल; परंतु याच पट्ट्यांतला डहाणू-घोलवडचा चिकू मऊ आहे आणि त्याला कोणाची मनाई नाहीं.

पांचवी गोष्ट बँडच्या मास्तरांसाठीं. ट्रंपेट आणि कॉर्नेट यांचा माउथपीस लहान, म्हणून त्यांचा दाब थोड्या जागेवर एकवटतो. ट्रॉम्बोन किंवा युफोनियम यांचा माउथपीस सुमारें 25 मिलिमीटरचा, आणि मोठ्या बेसचा 32 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यांत ओंठांना जागा अधिक मिळते आणि तारांचा त्रासही बहुधा कमी होतो. मुलाला कांहीं महिने दुसऱ्या रांगेंत, खालच्या स्वरांचें काम द्यावें, किंवा युफोनियमवर बसवावें. त्याला घरीं पाठवूं नये. या वयांत मुलगा बँडपासून तुटला कीं तो केवळ स्वर विसरत नाहीं, संगतही विसरतो. दुसरी बाजू सांभाळतां सांभाळतां साथ कशी असते हें तो शिकेल. आणि पुढें चाल त्याच्या हातीं आली तेव्हां तें शिक्षण त्याला उपयोगी पडेल.

शेवटची गोष्ट तारा निघण्याच्या दिवसाची. उपचार बहुधा दीड-दोन वर्षें चालतो. तारा निघाल्या कीं सर्वांना आनंद होतो, आणि त्याच संध्याकाळीं मुलगा पुन्हां गोंधळतो. कारण ज्या टिकल्यांशीं ओंठांनीं जमवून घेतलें त्या नाहींशा झालेल्या असतात आणि दांत निसरडे लागतात. त्या वेळीं पुन्हां तोच क्रम धरावा: माउथपीस, खालचे स्वर, विश्रांति. या खेपेस वेळ बहुधा कमी लागतो. दांत जागेवर राहावे म्हणून डॉक्टर जी पट्टी किंवा साचा देतात, तो सांगितल्याप्रमाणें वापरावा. नाहीं तर दांत जुन्या वाटेनें परत फिरूं लागतात.

दांत कसे हलतात, हें सांगून मी थांबतों, कारण या गोष्टीचें मर्म त्यांत आहे. तार दांताला जोरानें ढकलीत नाहीं. ती अगदीं हलका पण अखंड दाब देते. त्या दाबानें दांताच्या एका बाजूचें हाड विरतें आणि दुसऱ्या बाजूस नवें हाड भरतें. असा दांत केसाकेसानें सरकतो. जोर वाढविला तर काम लवकर होत नाहीं, उलट दुखापत होते. मुलाच्या तोंडांत चोवीस तास हा धडा चाललेला असतो. तोच त्यानें वाद्यावरही गिरवावा: थोडें, हलकें, पण रोज.

म्हणून ज्या वडिलांनीं पैसा खर्च केला त्यांना माझें सांगणें आहे कीं, तारा लावा आणि वाजवूंही द्या. ज्या काकांनीं दोन वर्षें शिकविलें त्यांना सांगणें आहे कीं, तुमची मेहनत वायां गेलेली नाहीं. मुलाला थोडे दिवस हळू चालूं द्या. आणि पेटी मिटून बसलेल्या त्या मुलाला सांगणें आहे कीं, बाळा, पेटी उघड. आज फक्त माउथपीस बाहेर काढ. पांच मिनिटें पुरे. कार्तिकांत पहिली वरात निघेल तेव्हां तूं पुढच्या रांगेंत नसशील कदाचित्. पण बँडमध्यें असशील, आणि तुझा स्वर दाबाचा नव्हे, श्वासाचा असेल.